शिलाईचा खटका

घरातलं वायरिंग नव्याने करायचं ठरलं, तेव्हा चिमणीने दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. सख्खा थोरला भाऊ, तोही वायरमन. मग बाहेरचा माणूस कशाला? चिमणी हे तिचं माहेरचं लाडाचं नाव. आता ती दोन मुलांची आई होती आणि घरीच कपडे शिवायची.

दादा आला. भिंतीवर खडूने चौकोन काढत घरभर फिरला. इथे फ्रिज, इथे वॉशिंग मशीन, इथे तुझं शिलाई मशीन आणि इस्त्री.

"हे बघ चिमणे, प्रत्येक यंत्रातून इवलासा करंट गळतोच. सगळी सॉकेटं एकाच सेफ्टी स्विचवर टाकली, की थेंबे थेंबे तळे साचे आणि तो स्विच उडतो. बिघाड काही नसतो, तरी घरभर अंधार. म्हणून आपण भाग पाडायचे, प्रत्येकाला वेगळा स्विच. एक पडला तरी बाकीचे चालू."

काम झालं. वर मेन, खाली चार खटके, आणि प्रत्येकाखाली दादाच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: स्वयंपाकघर, फ्रिज, शिलाई, बाकी घर. आल्यागेल्याला चिमणी तो बोर्ड दाखवायची. नवरा हसायचा, "आता त्याला हार घाल!"

पण व्हायचा तो अंधार होऊ लागलाच. इस्त्री तापत यावी, कुणीतरी वॉशिंग मशीन लावावं, आणि खट्! सगळं घर ठप्प.

दादा बघायला आला. बोर्ड न उघडताच म्हणाला, "काहीतरी जुनं जोरात गळतंय. गळती मोठी असली, की खालच्यांना न जुमानता मेनच उडतो. घरात जुनं काय आहे?"

जुनं एकच होतं. सासूबाईंची गुडघे शेकायची विजेची पिशवी.

"आई, तुमच्या या पिशवीपायी माझं काम अडतं हो," चिमणी म्हणाली. सासूबाईंनी मुकाट्याने पिशवी गुंडाळून कपाटात ठेवली आणि कपडा गरम पाण्यात बुडवून शेकू लागल्या. वीज तरीही जातच राहिली. एके दिवशी अर्ध्या इस्त्रीत अंधार झाला, तशी चिमणी तडक त्यांच्या खोलीत गेली आणि उशीखाली हात घालून पाहिलं.

"गुपचूप लावता का?"

उशीखाली काही नव्हतं. चिमणीला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं, पण दादा खोटं कशाला सांगेल? त्यानंतर सासूबाई तिच्याशी कामापुरतं बोलू लागल्या.

पुढे शिलाईच्या खोलीतल्या सॉकेटला तडा गेला. एवढ्याशा कामासाठी दादाला कशाला बोलवा, म्हणून चिमणी नवीन प्लेट घेऊन आली. 'शिलाई'चा खटका खाली केला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सॉकेटपुढे बसली. पहिला स्क्रू सैल केला आणि सहज मान वर गेली. मशीनचा छोटा दिवा लख्ख पेटलेला होता.

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

ती बोर्डाकडे गेली. चारही खटके एकेक करून खाली पाडले. फ्रिज घुरघुरत होता, पंखा फिरत होता. मग मेन पाडला. तेव्हा कुठे घर गप्प झालं.

तिने दादाला फोन केला. "आत्ताच्या आत्ता ये." आणि आल्यावर नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर त्याला बोर्ड उघडायला लावला. खालच्या चारांमागे एकही वायर नव्हती. सगळं घर एकट्या मेनवर टांगलेलं होतं.

"हॉटेलचं काम होतं गं," दादा खाली बघत म्हणाला. "मालक घायकुतीला आला होता. तुझे स्विच तिकडे वापरले. नंतर येऊन बसवणार होतो, ते राहूनच गेलं."

"मग हे चार?"

"बिघडलेले, जुने. रिकामी जागा बरी दिसेना."

"आणि चिठ्ठ्या?"

तो पिशवीतली अवजारं चाळू लागला.

"त्या मालकाला का नाही थांबवलंस?"

"तो थोडाच ऐकून घेतो? तू घरची. म्हटलं, घरचं माणूस सांभाळून घेईल."

"घरचं माणूस!" चिमणीचा आवाज चिरकला. "मी हात घालणार होते रे त्यात. आणि या म्हातारीच्या उशा तपासल्या मी, तुझ्या शब्दावर!"

"उद्याच सगळं नीट करून देतो."

"करशील. पण मग रोज खटका पाडून बघत बसेन मी. तू राहू दे."

दादा अवजारांची पिशवी उचलून गेला. चिमणी सासूबाईंपुढे बसली. "चुकलं माझं, आई."

"त्याचं त्याच्यापाशी," सासूबाई म्हणाल्या. "पण गुपचूप लावता का, असं तू मला विचारायला नको होतंस."

दुसऱ्या वायरमनने भिंत फोडून वायरी वेगळ्या केल्या आणि खरे खटके बसवले. आता इस्त्री, वॉशिंग मशीन सगळं एकदम चालतं. दादा अधूनमधून येतो, चिमणी चहा देते, मुलांच्या शाळेचं बोलणं होतं. एकदा त्याने विचारलं, "आता लाइट जात नाही ना?" ती "नाही" म्हणाली आणि कप उचलून आत गेली.