राठ केसांची मी वैरीण

मित्रांनो, मी केस काढणारे एक जुने लेझर यंत्र आहे. केटा गावात, मासळीबाजाराच्या मागे, एन्योनामताईंच्या पार्लरमध्ये मी अकरा वर्षे काम करत आहे. माझा किरण काळी कातडी न भाजता केसाच्या मुळापर्यंत पोहोचतो. त्यासाठीच मला इथे आणले, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

सगळे केस सारखे नसतात. गालावरची फिकट लव मला दिसतच नाही. पांढरा केसही मला चकवतो, कारण मी केसातला काळा रंग शोधते. राठ, काळे केस मात्र माझे हक्काचे गिऱ्हाईक!

एसिनाम नावाच्या शिक्षिकेच्या हनुवटीवर तसेच केस होते. वर्गात ती तोंडाशी रुमाल धरून बोलायची. महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने आठ वेळा ती माझ्यासमोर बसली. हनुवटी गुळगुळीत झाली, तेव्हा मी फुशारून गेले.

दोन वर्षांनी ती पुन्हा दारात उभी राहिली. हनुवटीवर सहा-सात नवे केस.

"ताई, कायमचे जातील म्हणाला होतात! सगळ्या शाळेत तोऱ्यात सांगून बसले मी. आता कुठे तोंड लपवू?"

ताई खाली बसल्या. "चूक माझी, बाई. झोपलेली मुळं किरणाला सापडत नाहीत. पुढं कधीतरी ती जागी होतात. ठाऊक होतं मला. तू निघून जाशील म्हणून बोलले नाही."

"मग आता?"

"आधी डॉक्टरकडून रक्त तपासून घे, आतून काही बिघडलं असेल तर कळेल. मग वर्षातून एक-दोनदा इथं ये. केस कमी होतील, बारीक होतील. संपतील असं मात्र म्हणणार नाही."

एसिनामने डोळे पुसले. "हेच आधी सांगितलं असतंत, तरी आले असते की मी!"

त्या दिवसापासून ताई प्रत्येकीला खरे तेच सांगतात. काही जणी उठून जातात. बऱ्याच जणी थांबतात.

पुढच्या खेपेला एसिनाम हसतच आली. "ताई, माझी हनुवटी बघून मागच्या बाकावरून कुणीतरी बोकडासारखं ओरडलं. मी म्हटलं, जोरात ओरड रे, फळ्यापर्यंत ऐकू नाही आलं! सगळा वर्ग हसला. मग मी गणित शिकवलं."

मित्रांनो, माझी काच रोज पुसा, मला थंड ठेवा. आणि मला जमते तेवढेच माझ्या नावावर सांगा. तेवढेही पुष्कळ आहे.