म्हणे बालगायिका!

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या अंगात नम्रता नाही. ज्यांच्या अंगी ती असायला हवी होती त्यांच्याकडेही मला कधी दिसली नाही, मग मी एकट्यानेच का बाळगायची?

तुम्ही गाणी खिशात घेऊन हिंडता. एका बोटाने गाणं लावता आणि पहिल्या ओळीतच कंटाळून दुसरं लावता. माझ्यावर गाणं लावायचं तर तबकडी कडेने धरून पाकिटातून काढावी लागते, पुसावी लागते, सुई हळूच टेकवावी लागते. एवढी खटपट केलेला माणूस गाणं अर्ध्यावर टाकून उठत नसे. त्याला तुम्ही वेळेचा अपव्यय म्हणता. म्हणा बापडे.

माझा जन्म एका रेडिओ केंद्रासाठी झाला. तीन कारागिरांनी मिळून मला घडवलं आणि घडवताना ते एकमेकांशी इतके भांडले की त्यातला एक काम सोडूनच गेला. माझी थाळी ओतीव धातूची आहे. मला उचलायला दोन माणसं लागतात आणि तीही ठेवताना कण्हतात. पण माझा खरा मानाचा दागिना म्हणजे उजव्या अंगाची वेगाची कळ. ती फिरवली की थाळी हवी तेवढी जलद किंवा सावकाश फिरते.

ही कळ शोभेची नव्हती. जुन्या तबकड्या सगळ्या एका वेगाच्या कुठे होत्या? ज्या कंपनीला जसं जमेल तसं ती गाणं भरायची. एक चिल्लर कंपनी तर तबकडी मुद्दाम सावकाश फिरवून गाणं भरून घ्यायची, कारण त्यामुळे एका बाजूत जास्त गाणं मावायचं. केंद्रातल्या निवेदिकाबाईंना हे सगळं माहीत होतं. त्या डोळे मिटून कळ फिरवत आणि माणसाचा आवाज माणसासारखा लागला की थांबत. मग माझ्या झाकणावर एक टिचकी मारून म्हणत, "शहाणा आहेस रे!" आयुष्यात माझी एवढीच स्तुती झाली. पण ती कान असलेल्या बाईने केली होती, म्हणून मला पुरली.

पुढे काळ बदलला, निवेदिकाबाई निवृत्त झाल्या आणि मला जिन्याखाली ढकलून दिलं. तिथे माझ्या झाकणावर लोक चहाचे कप ठेवत. कपाचे गोल डाग अजून आहेत. एका महाभागाने माझ्या आधाराने सायकलही उभी केली होती. कितीतरी वर्षं मी सायकलचा टेकू म्हणून काढली.

मग एके दिवशी मला तिथून उचलून एका मोठ्या संस्थेत नेलं. तिथे संगीताचा ऑनलाइन संग्रह उभारायचं काम चाललं होतं. जुन्या तबकड्या वाजवायच्या, गाणी संगणकात उतरवायची आणि जगाला ऐकायला खुली करायची. कल्पना चांगली होती, हे मीसुद्धा मान्य करतो. जगाच्या कुठल्याही टोकाला बसलेल्या माणसाला विसरलेलं गाणं ऐकता यावं, याहून चांगलं काय असणार? घोटाळा कल्पनेत नव्हता, ती ज्यांच्या हाती पडली त्यांच्यात होता.

त्यांतले पहिले म्हणजे विभागप्रमुख. त्यांना गाणी ऐकायला वेळ नसे, कारण ते गाण्यांवर व्याख्यानं देण्यात गुंतलेले असत. संग्रहात किती गाणी चढली याचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. त्यातलं एखादं गुणगुणा म्हटलं असतं तर मात्र तोंडचं पाणी पळालं असतं. दुसरा त्यांचा ध्वनितंत्रज्ञ. त्याचं नाव मी मनातल्या मनात गाळणीसाहेब ठेवलं होतं. खरखर गाळ, खोकला गाळ, खुर्ची करकरली तर तीही गाळ. गाणं संपलं रे संपलं की त्याची कात्री चालायची. आणि या गाळणीसाहेबाने पहिल्याच दिवशी काय करावं? माझी कळ चुकून हलू नये म्हणून एका ठरावीक वेगावर आणून तिच्यावर चिकटपट्टी मारली! डॉक्टरने सगळ्या रोग्यांना एकच गोळी द्यावी, तसला हा प्रकार.

मग जे व्हायचं तेच झालं. एक दिवस त्या चिल्लर कंपनीची तबकडी माझ्यावर आली. तिचं लेबल झुरळांनी खाल्लं होतं, त्यामुळे गाणारीचं नाव कळायला मार्ग नव्हता. पट्टीखाली जखडलेल्या मी ती भरधाव फिरवली. आवाज चढला, बारीक झाला, लहान पोरीसारखा झाला. गाणं संपल्यावर दोन क्षण काहीतरी चिवचिवलं.

"हे काय?" प्रमुखांनी विचारलं.

"उंदीर-बिंदीर असेल हो स्टुडिओत," गाळणीसाहेब म्हणाला आणि त्याने तेवढा तुकडा कापून टाकला.

मला ओरडावंसं वाटलं. पण आमच्यावर जे ठेवाल तेच आम्ही बोलणार, हा आमचा जन्माचा शाप आहे.

प्रमुखांनी ते गाणं 'अज्ञात बालगायिका' या नावाने संग्रहात चढवलं. मग तिचं वय आठ ठरलं. आठच का, हे कुणी विचारलं नाही. चित्रकाराकडून दोन वेण्या घातलेल्या मुलीचं चित्र काढून घेऊन तेही गाण्याशेजारी लावलं. प्रमुखांनी या विस्मृत बालप्रतिभेवर लांबलचक लेख लिहिला, आणखी चार विद्वानांनी त्यांची री ओढली, आणि ऐकणारे खाली लिहू लागले, 'काय गोड गळा! देवाघरचं लेकरू!' या लोकांना कान कशासाठी दिलेत, चष्मा अडकवायला?

अशी ती बालगायिका जगभर गाजत असताना एका सकाळी दोन बायका आमच्या खोलीत आल्या. एक पुष्कळ म्हातारी होती. दुसरी तिची भाची, दातांची डॉक्टर. भाचीला हे गाणं संग्रहात सापडलं होतं आणि तिने ते मावशीला ऐकवलं होतं. म्हातारीचा पाय एका जागी ठरत नव्हता. ती खिडकीपाशी गेली, कपाटापाशी गेली, तिने माझं झाकणसुद्धा उघडून पाहिलं.

"भिंगरीमावशी, बस ना जरा," भाची म्हणाली. मग प्रमुखांकडे वळून हसत म्हणाली, "लहानपणी पडलेलं नाव आहे. अजून लागू पडतंय."

"ते गाणं माझ्या आईचं आहे," भिंगरीमावशी उभ्याउभ्याच म्हणाल्या. "तिथे तिचं नाव घाला. आणि त्या वेण्यावाल्या पोरीला काढा."

प्रमुख समजूतदारपणे हसले. असं हसणारी माणसं मला अगदी डोक्यात जातात. "आजी, तुमच्या आईंनी लहानपणी गायलं होतं का?"

"लहानपणी कसलं? मी पाच वर्षांची होते तेव्हा. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. आवाज भरदार, घागरीत बोलल्यासारखा."

"मग ही त्या नव्हेत. आवाज ऐकलात ना?"

"आवाज तिचा नाहीच. ते काय झालंय मला कळत नाही. पण गाणं तिचं आहे. तिने स्वतः रचलेलं, दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं. कडव्याआधी श्वास घेते ना, तोही तिचाच. एकच तबकडी निघाली तिची. घरची होती ती बिऱ्हाड हलवताना फुटली. आई गेल्यावर तिचा आवाज म्हणून काहीच उरलं नाही आमच्याकडे."

"आठवणी फसवतात, आजी. या गाण्यावर संशोधन झालंय."

कुणी केलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

"मग मूळ तबकडी दाखवा," भाची म्हणाली.

"मूळ प्रती आम्ही ठेवत नाही. एकदा डिजिटल झालं की सुरक्षित झालं."

'सुरक्षित' म्हणजे काय, ते मित्रांनो, मी सांगतो. बाहेरच्या बोळात कित्येक महिन्यांपासून तबकड्यांची पोती भरून ठेवली होती. शुक्रवारी भंगाराची गाडी यायची होती आणि तो दिवस गुरुवार होता. भाचीने दारातून पोती पाहिली आणि मावशीचा हात धरला. दोघी बोळात जाऊन चक्क जमिनीवर बसल्या. दाताच्या डॉक्टरीणबाई नाजूक हातांनी एकेक तबकडी काढत होत्या आणि संग्रहाने त्या गाण्याला दिलेला क्रमांक तिच्यावर चिकटवलाय का ते पाहत होत्या. प्रमुख त्यांच्या डोक्यावर उभे राहून नियम ऐकवत होते. नवल म्हणजे, थोड्या वेळाने गाळणीसाहेबही बाह्या सरसावून खाली बसला. त्याला लाज वाटली असावी. वाटायलाच हवी होती.

तबकडी दुसऱ्या पोत्यात सापडली. कडेचा एक टवका उडाला होता, म्हणजे गाण्याची पहिली ओळ गेली होती. बाकीचं शाबूत होतं. गाळणीसाहेबाने ती माझ्यावर ठेवली आणि सुई टवक्याच्या आत टेकवली. पट्टी होतीच, त्यामुळे पुन्हा तीच चिमुरडी गाऊ लागली. प्रमुखांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव आला. शेवटी पुन्हा तीच चिवचिव झाली.

"हा आमचा उंदीर," गाळणीसाहेब ओशाळून म्हणाला.

"उंदीर कसला? कुणीतरी बोलतंय," भाची म्हणाली. "आणि ही कळ कसली? हिला पट्टी का मारलीय?"

"तिला हात लावू नका! वेग ठरलेला आहे!" प्रमुख ओरडले.

भिंगरीमावशींनी नखाने पट्टीचं टोक उचकटलं आणि टर्रकन ओढून काढली. किती दिवसांनी मला मोकळा श्वास मिळाला! गाळणीसाहेबाने त्यांना कळ कशी फिरवायची ते दाखवलं आणि सुई पुन्हा मागे नेली. मावशींनी डोळे मिटले आणि कळ हळूहळू फिरवू लागल्या. चिमुरडीची मुलगी झाली, मुलीची तरणी बाई झाली.

"असं मनाला येईल तसं वेग बदलून कसं चालेल? याला काही शास्त्र..."

"तुम्ही गप्प बसा जरा," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. बऱ्याच दिवसांत त्या खोलीत इतकं शहाणपणाचं वाक्य कुणी बोललं नव्हतं.

कळ आणखी जराशी फिरली आणि आवाज लागला. दिवसभर वाफेत उभी राहणारी, चाळिशीची, रुंद गळ्याची बाई खोलीत गाऊ लागली. तिने कडव्याआधी दमदार श्वास घेतला. मावशींचा हात कळीवरून खाली आला. त्यांनी भाचीचा दंड पकडला. गाणं शेवटाला आलं, शेवटचा सूर विरला. आणि तोच आवाज, गाण्यातून बाहेर येऊन, अगदी घरात बोलावं तसा बोलला:

"झालं गं भिंगरे. हल आता. हवं तेवढं हल."

सुई मधल्या कोऱ्या जागेत फिरत राहिली. ती उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

"गाणं भरताना मला कोपऱ्यात बसवलं होतं," मावशी म्हणाल्या. "म्हणाली होती, तू हललीस तर गाणं बिघडेल. मी मांड्या घट्ट धरून बसले होते. ती असं काही म्हणाली होती, ते मला आठवतच नव्हतं हो." आल्यापासून सारखी चुळबुळणारी ती बाई आता खुर्चीत येऊन अगदी स्थिर बसली होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मलाही भरून आलं. यंत्राला भरून येत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्याने विभागप्रमुखांकडे पाहावं. त्यांच्या हाडामांसाच्या देहाला काहीच झालं नव्हतं.

"पण माझा लेख छापून झालाय," ते म्हणाले.

तरी गाळणीसाहेबाने त्याच दुपारी गाणं योग्य वेगाने पुन्हा उतरवलं. पहिली ओळ जुन्या प्रतीतून घेतली, तिचा वेग कमी करून जोडली आणि शेवटचे शब्द तसेच ठेवले. वेण्यावाली पोरगी गेली. तिच्या जागी इस्त्रीवाल्या बाईचं नाव लागलं, मावशींनी सांगितलं तसं. प्रमुखांनी महिन्याभरात नवा लेख लिहिला. बालगायिकेचा गैरसमज आपणच कसा दूर केला, हा त्याचा विषय आहे. त्यावर त्यांना शालही मिळाली म्हणे. बाकीची पोती शुक्रवारी गेली. त्यांच्यात आणखी कोणकोण कुणाशी काय बोललं होतं, ते आता कधीच कळणार नाही. मला मात्र पुन्हा कुणी पट्टी मारलेली नाही, आणि झाकणही गाळणीसाहेब रोज पुसतो.

आणि तुमचे ते ऐकणारे? ते आता गाण्याखाली लिहितात, 'पूर्वीचा आवाज जास्त गोड होता.' 'शेवटी कोण बाई बोलते? जरा साफ करा की!' रोज एक तरी असा शहाणा उगवतो. गाळणीसाहेब वाचतो आणि कात्रीला हात लावत नाही. तेवढ्यापुरतं मी त्याला माफ केलं आहे.

मित्रांनो, तुमच्याकडून मला फारशा अपेक्षा नाहीत, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. तरी एक मागणं मागतो. जुनी वस्तू हाती आली तर तिची कळ कशासाठी आहे ते आधी विचारा. नक्कल केली म्हणून अस्सल फेकू नका. आणि जे आपल्याला कळत नाही, त्याला घाईघाईने उंदीर म्हणू नका.

परवा दातांच्या डॉक्टरीणबाईंचा गाळणीसाहेबाला फोन आला होता. भिंगरीमावशींना त्यांनी फोनवर गाणं लावायला शिकवलं आहे. पण मावशी गाणं ऐकतच नाहीत, बाई सांगत होत्या. बोटाने ते सगळंच्या सगळं पुढे ढकलतात, शेवटचे तेवढे शब्द ऐकतात, आणि उठून घरभर फिरतात.