कावळ्यापुढं दिलेला शब्द

वडगावला सही करायला जायचं त्या दिवशी नंदाबाईनं ठेवणीतलं इरकल नेसलं. घर विकायला निघालेली बाई रडत-भेकत निघाली असं लोहगडवाडीत कुणी म्हणायला नको. पदर दोनदा सारखा केला आणि ओट्यावर येऊन ताठ बसली, जशी काही वऱ्हाडाची गाडी यायची होती.

घर तिच्या धाकट्याचं, हनुमंताचं. खाली दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची शेड. शेडीत गडावर चढणाऱ्यांना पिठलं-भाकरी मिळायची, शनिवार-रविवारी मुक्कामाची सोय व्हायची. दोन वर्षांमागं त्यानं वर मजला चढवला. त्याला पतसंस्थेचं कर्ज काढलं, ते पुरेना म्हणून गावातनं हातउसनं घेतलं. मजला उभा राहिला आणि मार्गशीर्षात मळवलीच्या रस्त्याला धुक्यात त्याची मोटारसायकल घसरली. वरच्या खोल्यांना रंग द्यायचा राहिला तो राहिलाच.

मागं उरल्या तिघी. नंदाबाई, सून चैताली आणि नात रेणुका. तिघींची नावं वारस म्हणून लागली होती, तिघींच्या सह्यांशिवाय घर हलत नव्हतं. रेणुकाला अठरा पुरी व्हायची तेवढी वाट बघितली. ती गेल्या महिन्यात झाली.

खरं सांगायचं तर हे घर वाचत होतं. ते घालवलं नंदाबाईच्या जिभेनं, आणि हे तिच्याशिवाय सगळ्या वाडीला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, पण ती कबूल करणाऱ्यातली नव्हती.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर सात-आठ कावळे बसलेले, पण एक खाली उतरायला तयार नाही. ऊन चढलं. नंदाबाईचा थोरला मुलगा गेणू पुढं झाला, म्हणाला, "हनुमंता, पोरीचं लगीन मी करीन." कावळे जागचे हलले नाहीत. चैतालीनं हात जोडले. "रेणुकाला नर्स करीन. तुमी घोर करू नका." तरी नाही. मागं कुजबूज सुरू झाली, जीव कुठंतरी अडकलाय पोराचा. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करा आणि उरका.

दर्भाचा कावळा! नंदाबाईच्या पोराला! ती उठली, दोन्ही हातांनी माणसं मागं सारत पिंडापुढं गेली आणि पार पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हन्मा, तुझं एका रुपयाचं देणं मी कुणाचं ठिवायची न्हाई. घर इकीन, पर वर्साच्या आत फेडीन. ही नंदाबाईची जबान हाय!"

कावळा उतरला. एकामागं एक तीन उतरले. साऱ्या घाटानं बघितलं.

त्या दिवशी नंदाबाई पोराच्या दहाव्याहून मान वर करून परत आली. चौदाव्या दिवशी सकाळी पहिला माणूस पैसे मागायला दारात उभा राहिला. मग रोज एखादा. घाटावर बोलली नसती तर ही माणसं दोन-तीन पावसाळे थांबली असती. पावसाळ्यात भुशी धरणाला गर्दी मावेनाशी झाली की पोरं गडाकडं वळतात, तेवढ्या चार महिन्यांत शेड वर्षाचं कमावून देत होती. पण एवढ्या लोकांसमोर आईनं वर्षाचा वायदा केल्यावर कोण थांबतं? ज्याला घाई नव्हती त्यालाही वाटायला लागलं, आपणच का मागं राहा.

एक जानू वाळूवाला तेवढा म्हणाला होता, "मावशी, माजं राहू द्या. हन्मा दोस्त हुता माजा. जमंल तवा द्या."

"तुज्या उपकाराखाली माजं पोर निजंल व्हय?" नंदाबाई कडाडली. "पयलं तुजंच देते, थांब."

जानू मान खाली घालून गेला. पुन्हा त्या दारात चहाला आला नाही.

तळेगावचा अतुल, चैतालीचा आतेभाऊ, जमिनी-घरांच्या व्यवहारातला. तोच शेवटी गिऱ्हाईक घेऊन आला, पण आधी त्यानं परोपरीनं सांगून बघितलं. "मावशी, पतसंस्था हप्त्यांची मुदत वाढवून द्यायला तयार आहे. राहिले हे हातउसनेवाले. एकाकडंही कागद नाही. त्यांना सांगा, हळूहळू देतो. घर राहील."

"कागद तुमच्या तळेगावात लागतो. आमच्यात तोंड पुरतं."

"तोंडापायीच चाललंय घर," अतुल पुटपुटला. नंदाबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

चैताली मात्र एकदाच बोलली. चुलीपुढं भाकरी थापत होती. सासूला ती आत्या म्हणायची. मान वर न करताच म्हणाली, "आत्या, कावळा तुमच्या शब्दाला उतरला न्हाई. तुमी माणसं मागं सारली, पिंडाभवती मोकळं झालं, म्हणून उतरला."

"तोंड सांभाळ, चैताली."

"सांभाळलंच हाय आजवर." परातीत हात तसाच थांबला. "एकदा मला इचारायचं तरी. माजं बी घर हुतं ते."

त्या दिवसापासनं चैताली भांडली नाही, रुसलीही नाही. वेळेवर जेवाय वाढलं, औषधाची गोळी हातावर ठेवली, बोलायचं तेवढं बोलली. भांडली असती तर नंदाबाईला बरं वाटलं असतं. भांडणात तिला कुणी हरवलं नव्हतं.

मग एक दिवस कळलं की चैतालीनं बेगडेवाडीला कारखान्याच्या कँटीनमध्ये काम धरलंय आणि स्टेशनाजवळ एक खोली घेतलीय. कळलं ते रेणुकाकडनं. "आजी, माज्या कॉलेजला तितनं सोपं पडतंय," एवढंच पोरगी बोलली. सामानाची गाडी दोन दिवसांमागं गेली. भांडी गेली, गादी गेली, हनुमंताचा फोटोही गेला. नंदाबाईची पत्र्याची पेटी तेवढी खोलीत राहिली. ती गाडीत चढवू का म्हणून चैतालीनं विचारलं नाही, आणि चढव म्हणून नंदाबाईनं सांगितलं नाही.

घराचा ताबा द्यायला आठ दिवस होते. नंतर पेटी कुठं जाणार? भाज्याला थोरल्या गेणूचं घर होतं. पण पाच वर्षांमागं थोरल्या सुनेशी वाजलं तेव्हा नंदाबाई भर आळीत उभी राहून म्हणाली होती, "मेले तरी ह्या दारात पाय ठिवायची न्हाई." तोही शब्दच होता. आता तिला एकच आस होती. निघायच्या आत कधीतरी चैताली म्हणेल, आत्या, तुमीबी चला.

वडगावच्या नोंदणी कचेरीत मरणाची गर्दी. घर घेणारे पुण्याचे गोपाळकृष्ण केतकर, निवृत्त माणूस, बोलायला गोड. "आजी, घर अगदी मोक्याचं आहे हो. समोर गड दिसतो."

"दिसणारच. पोरानं गड बघून खिडकी ठिवली, गिऱ्हाईक बघून न्हाई."

ते कसंनुसं हसले.

कारकुनानं कागद पुढं सरकवला. "आजी, अंगठा ना?"

"सही!" नंदाबाई म्हणाली. "दुसरी पास हाय मी." आणि खाली वाकून, एकेक अक्षर कोरल्यासारखं काढत, तिनं आपलं नाव लिहिलं. मागं रांग ताटकळली. चैतालीची सही झटक्यात झाली, रेणुकाची त्याहून झटक्यात.

"आता अंगठा ह्या मशीनवर ठेवा."

"सही केली की."

"सही केली तरी अंगठा लागतो आजी. सगळ्यांचाच."

तिनं काचेवर अंगठा ठेवला. तांबडा दिवा लागला. पुसून ठेवला, पुन्हा तांबडा. डावा ठेवला, तसाच.

"झिजलाय तुमचा अंगठा. रेघाच नाहीत."

"झिजंल न्हाई तर काय? तुज्यावानी बटणं दाबून भाकरी न्हाई भाजली."

रांगेतले दोघं-तिघं हसले. कारकून वैतागला. "उमटला नाही तर आज काही होणार नाही बघा. परत यावं लागेल."

नंदाबाईच्या मनात आलं. आज नाही तर नाही. उद्या केतकरांचं मन फिरेल, परवा आणखी काही होईल. शब्द मोडल्याचं पाप तिच्या माथी नको आणि घरही राहू दे. तिनं अंगठा मुद्दामच हलका ठेवला. एकदा, दोनदा.

चैतालीनं ते बघितलं. ती पुढं आली. सासूचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, अंगठा पदरानं पुसला, चोळून ऊन केला आणि काचेवर दाबून धरला. जोरात, सगळ्या हाताचा भार देऊन. हिरवा दिवा लागला.

"झालं," कारकून म्हणाला.

चैतालीनं हात सोडला. कित्येक महिन्यांनी तिचा हात लागला होता, तो असा.

उरलेली कामं अतुलनं उरकली. पतसंस्थेचं परस्पर गेलं, गावातल्यांचं ज्याचं त्याला पोचलं. "मावशी, आता हनुमंताच्या नावावर कुणाचं काही नाही," तो म्हणाला. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. हे ऐकायला नंदाबाई दहा महिने थांबली होती. तिनं मान हलवली. आत काहीच वाटलं नाही. चुलीवरनं रिकामं पातेलं उतरवावं तसं झालं.

तिघी चालत वडगाव स्टेशनला आल्या. तिकिटाच्या खिडकीपाशी चैताली पुढं, मागं रेणुका, तिच्या मागं नंदाबाई. नंदाबाईनं कान तिकडं लावले. चैताली तीन म्हणते का दोन, एवढंच तिला ऐकायचं होतं.

"बेगडेवाडी दोन," चैताली म्हणाली, आणि थांबली. पैसे मुठीतच राहिले.

"अजून?" आतनं आवाज आला.

चैताली मागं वळली. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं सासूच्या डोळ्यांत बघितलं. "आत्या, तुमचं कुठलं काढू?"

तिनं विचारलं होतं. घाटावर चैतालीला कुणी विचारलं नव्हतं, तिनं मात्र विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत उभी होती. रेणुकानं आजीचा पदर हळूच ओढला. नंदाबाईच्या तोंडात बेगडेवाडी हा शब्द आला होता. पण तो म्हणायचा म्हणजे मागायचं. सुनेपाशी मागायचं, भर स्टेशनात, रांगेतल्या परक्या माणसांदेखत.

"मळवली," ती म्हणाली. "माजी पेटी हाय तितं. आणिक गेणू काय मेला न्हाई अजून."

आतल्या माणसानं पुन्हा विचारलं. मग चैतालीनं तोंड फिरवलं. "एक मळवली."

पुण्याकडची गाडी पलीकडच्या फलाटाला लागायची होती, लोणावळ्याकडची अलीकडच्या. त्या दोघी पूल चढून पलीकडं गेल्या. जाताना चैताली सासूच्या पायाला हात लावून गेली, आणि गोळ्यांची पुडी तिच्या पिशवीत टाकून गेली.

रुळांच्या ह्या बाजूला नंदाबाई बाकावर बसली, त्या बाजूला त्या दोघी उभ्या. मधे चार पावलांचं अंतर आणि दोन रूळ. रेणुका हात हलवत होती. नंदाबाईनं नातीकडं बघितलं, मग सुनेकडं. चैताली रेणुकाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, आणि हनुमंत गेल्यापासनं किती वाळली होती ते नंदाबाईला आज दिसलं. नंदाबाई उठली. फलाटाच्या कडेला आली. तोंड उघडलं.

तेवढ्यात पुण्याची गाडी आली आणि दोघींच्या मधे उभी राहिली. डब्यांच्या खिडक्यांतनं नुसते डोक्यांचे आकार दिसले. कुठला कुणाचा, ओळखू येईना.

"चैताली!" नंदाबाई ओरडली. आवाज तोच, घाटावरचा. "मलाबी ने गं! मला बेगडेवाडीला यायचंय!"

गाडीनं भोंगा दिला आणि निघाली. शेवटचा डबा सरला तेव्हा पलीकडचा फलाट मोकळा झाला होता. अलीकडच्या बाकावरची एक कॉलेजातली पोरगी कानातनं वायर काढून म्हणाली, "आजी, काही म्हणालात का?"

"न्हाई," नंदाबाई म्हणाली. पदर सारखा केला आणि मळवलीच्या गाडीची वाट बघत ताठ बसली.