एक सूत कमी

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या फाउंड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ते पत्र वाचून मी टेबलावर मूठ आपटली, तेव्हा कुणी मानसुद्धा वर केली नाही.

साल १९१२. ओहायो-पेनसिल्व्हेनियात पाइपांचे बेंड ओतणारे आम्ही सात कारखाने. एकाचा बेंड फुटला तर दुसऱ्याचा तिथे बसायची खात्री नाही; गिऱ्हाइकं शिव्या घालून दमली. शेवटी ठरलं, की प्रत्येकाने आपल्या मोठ्या बेंडचं मध्यापासून तोंडापर्यंतचं माप कळवायचं. जास्त मतं ज्याला, ते माप सगळ्यांचं. बाकीचे बेंड त्याच हिशेबात. आता पत्र आलं होतं: तीन कारखाने म्हणतात बारा इंच, चार म्हणतात बारा इंचांना एक सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पिट्सबर्गच्या बैठकीत शिक्का बसला की संपलं.

आमचा बेंड बरोब्बर बारा इंचांचा. म्हणजे गोमर प्रॉसर मिस्त्रीने आयुष्यभर घडवलेले लाकडी पॅटर्न, ज्यांच्यावरून वाळूत साचे उठतात, ते सगळे आता भट्टीत! हा वेल्श म्हातारा सडाफटिंग. त्याचं जे काही होतं, ते त्या पॅटर्नच्या माळ्यावर होतं.

"ते चौघं कोण रे, टेट?" त्याने विचारलं.

मी यादी बघितली. चौथं नाव आमचंच. माप मीच घेतलं होतं, मीच कळवलं होतं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माप घेताना मी मिस्त्रीच्या बाकावरची पट्टी उचलली होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी फुटामागे एक सूत लांब असते. तिने तयार बेंड मोजला तर तो एक सूत कमीच भरणार. शेंबडं पोरही सांगेल हे. आणि मी पस्तीस वर्षांचा घोडा, ड्रॉइंग ऑफिसचा शहाणा!

सांगितलं त्याला. दुसरं काय करणार?

"माझ्याच पट्टीने माझा गळा कापलास होय रे, गाढवा!"

"चुकलो, मिस्त्री. मालकांना सांगतो. काढलं तर काढू देत."

"मालकांना सांगून काय लोणचं घालायचंय? बैठकीत सांग. सगळ्यांसमोर."

गेलो दोघं पिट्सबर्गला. हॉटेलात लांब टेबल, कॉफी, हॅम. शेजारी ईरीच्या कारखान्याचा पॅटर्नवाला बसला होता, ओटमार ब्रेंडल, थकलेला जर्मन माणूस. त्यांचा बेंड खरोखरच एक सूत कमी. आमच्या गावाचं नाव ऐकताच त्याने माझा हात धरला.

"तुमच्या मतामुळे तरलो हो आम्ही! घ्या, घ्या." आणि स्वतःच्या हाताने ब्रेडला मोहरी लावून तो माझ्यापुढे ठेवला.

अध्यक्षांनी माप वाचलं तसा मी उठलो आणि पट्टीची सगळी हकीकत सांगितली. हास्याचा एकच स्फोट झाला. "चष्मा घे रे बाबा!" कुणी तरी ओरडलं. मतं पुन्हा मोजली. बारा इंचांना चार, एक सूत कमीला तीन. लागलीच शिक्का बसला.

गोमर मिस्त्रीने टोपी काढून तोंड पुसलं. इतका मोकळा मी त्याला कधी पाहिला नव्हता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

माणसं उठायला लागली. ब्रेंडल मात्र बसून होता. मी म्हटलं, "माफ करा. खरं ते सांगणं भाग होतं."

"बरोबर केलंत," तो म्हणाला. खरोखर रागावला नव्हता. "पण पत्राला एकोणीस दिवस झाले ना. मी बायकोला सांगून बसलोय, की आता सगळीकडे आपलाच बेंड बसणार. ती अख्ख्या चर्चला सांगून बसलीय."

मी त्याचा कोट खुंटीवरून काढून दिला.

"तुम्हाला काय वाटतं," त्याने कोटाची बटणं लावत विचारलं, "आधी तिला सांगू, की आधी पॅटर्न फोडू?"

मला खरंच विचारत होता तो.