बोरीच्या फांदीखाली

राणीला पोरगी झाली, चांगली गुटगुटीत झाली, पण आईला दूध म्हणून उतरेना. नवरा धनाजी तासगावला बेदाण्याच्या शेडवर. मग काय, सासू हरणाबाई कुदळ घेऊन भर उन्हात माळावर! बाळंतिणीला शतावरीची मुळी उगाळून द्यायची, हे तिच्या सासूपासून चालत आलेलं.

मुळी काढायची रीतही तशीच जुनी. निम्म्या मुळ्या घ्यायच्या, पुन्हा वेल फुटावा म्हणून गड्डा परत मातीत पुरायचा आणि वर बोरीची काटेरी फांदी टाकायची, म्हणजे आपलीच शेरडं कोंभ खात नाहीत. पण टेम्पोतून मुळ्या चोरायला येणाऱ्या मेल्यांना अवदसा आठवली! फांदीखाली शतावरी असते एवढं त्यांना कळलं, आणि त्यांनी गड्ड्यासकट सगळं उपटायला सुरुवात केली.

"आपुनच चोराला वाट दावली की गं," हरणाबाईचा नवरा ज्योतिबा म्हणाला. तेव्हा तिनं अक्कल लढवली. थंडीतच साऱ्या माळावर, रिकाम्या जागीसुद्धा, फांद्या टाकून ठेवल्या. बसा म्हणावं हुडकत!

चोर कंटाळून यायचे बंद झाले. आणि आता चैतात वेल पार वाळलेले, वर हिरवं पान नाही. कुठल्या फांदीखाली काय, हे तिचं तिलाच कळेना.

"त्या धोंड्यापाशी हुती बघ," बरोबर आलेला ज्योतिबा म्हणाला.

"आवं, धोंडं काय एक हाय? मला वाटतंय वढ्याकडं... न्हाई, का वरच्या अंगाला?"

खणावं तिथं रिकामं. घरी उपाशी लेकरू रडत असेल, या विचारानं ती जोर लावून कुदळ हाणू लागली, आणि एका फांदीखाली कचकन आवाज झाला.

माती सारली तर गड्डा मधोमध चिरलेला. मुळ्या मात्र ओंजळीत मावेनात. आनंद मानावा का रडावं, तिला उमजेना. गड्ड्याला हात लावाल तर याद राखा, असं जन्मभर बायकांना दटावणारी ती!

"चल की, पोरीला दूध मिळंल आता," ज्योतिबा मुळ्या धोतराच्या सोग्यात बांधत म्हणाला.

तिनं दोन्ही शकलं पुरली. जगतील का मरतील, कुणाला ठाऊक.

"आवं," ती उठलीच नाही, "ह्या पोरीला पोर हुईल, तवा काय द्यायचं?"

ज्योतिबाही तिच्याशेजारी मातीत बसला.