दुर्गाबाईंचं वाचन

"पिलाजीराव, तुमची गाडी अक्षराअक्षराला थांबतेय," विश्वंभरतीर्थ स्वामी म्हणाले आणि बडोद्याच्या कारेलीबागेतल्या मठात हशा पिकला. रेल्वेतून निवृत्त झालेल्या पिलाजीरावांनी निमूटपणे पोथी खाली ठेवली. स्वामींची दृष्टी गेली होती आणि चातुर्मासाच्या पाठाला भाष्य वाचून दाखवणारं कोणी मिळत नव्हतं. अडखळत वाचलेलं त्यांना खपत नसे. वाचक नसेल तर उद्यापासून पाठ बंद, असं त्यांनी सांगून टाकलं.

"मी वाचते," मागून दुर्गाबाई म्हणाल्या.

शेजारी बसलेली त्यांची सून कौमुदी दचकली. संन्यास घेण्यापूर्वी स्वामी म्हणजे दिनकरराव, संस्कृतचे प्राध्यापक आणि दुर्गाबाईंचे यजमान. बाईंनी संन्यासाला खुशीनं परवानगी दिली, असं बडोद्यात सगळे म्हणत. खुशी कसली आलीय! आधी अबोला धरला, मग एक दिवस ‘जा’ म्हणाल्या. पण दिलेला शब्द पाळला. संन्याशानं पूर्वाश्रमीच्या पत्नीला पाहू नये, म्हणून त्या कधी समोर गेल्या नाहीत. आता त्यांना दिसतच नाही, मग नियम मोडतोय कुठे, असं म्हणत त्या हल्ली निजामपुऱ्याहून रिक्षानं पाठाला येत. गप्प बसून ऐकायचं, एवढंच कौमुदीशी ठरलं होतं.

दुर्गाबाई वाचू लागल्या. संसारात रोज संध्याकाळी त्यांनी नवऱ्याच्या पुस्तकांची प्रूफं वाचून दाखवली होती. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, सगळं अंगवळणी पडलेलं. पहिल्याच ओळीला स्वामींची मान वर झाली. आवाज ओळखला, आता ते उठून जाणार, असं कौमुदीला वाटलं.

"आई, चला ने घरी," ती कुजबुजली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

पान संपलं. स्वामी जागचे उठले नाहीत.

"पुढे वाचा, माताजी."

संन्याशाला सगळ्या स्त्रिया माताच. तरी कौमुदीला तो शब्द बोचला. दुर्गाबाईंनाही तो लागला. पण त्यांनी पान उलटलं आणि न अडखळता पुढे वाचलं.

थोड्या वेळानं स्वामींनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि सेवकाला पाणी आणायला सांगितलं. तो माठाकडे वळला.

"माठातलं नको," स्वामी म्हणाले. "कोमट आण. गार पाण्यानं माताजींचा घसा बसतो."

पाणी आलं. दुर्गाबाई सावकाश प्यायल्या, पदरानं ओठ टिपले आणि पुढची ओळ वाचू लागल्या.