ओल्या पानाचं घड्याळ

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, आणि त्याची मला कधी लाजही वाटली नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात तीस वर्षं काढलेला माणूस असाच होतो. आमचे उस्ताद फकिरा मिस्तरी नवीन सर्किट जुळवलं की आधी पॉलिश पेपर घ्यायचे आणि आयसी चिपवरचा नंबर घासून टाकायचे. कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "शेजारचा उघडून बघणारच." मी एकदाच घासायचं विसरलो. एक्याण्णव साली मी बनवलेला इमर्जन्सी दिवा मेन रोडच्या एका दुकानदाराने उघडला, आणि पुढच्या दिवाळीत तोच दिवा त्याच्या नावाच्या खोक्यातून बाजारात आला. माझ्या बायकोने त्यातलाच एक विकत आणला. म्हणाली, निदान आपल्या घरात एक तरी असू दे. आठवलं की आजही डोकं फिरतं.

त्यामुळे सुनीलने २००४ साली नाशिकच्या इंदिरानगरात ती खटपटीची खोली सुरू केली, तेव्हा मी गेलो खरा, पण डोळे उघडे ठेवून. सुनीलचा सायबर कॅफे होता, त्याची मागची खोली रिकामी होती. रविवारी सकाळी ज्याला काही खटपट करायची असेल त्याने यावं, असं त्याने पाटीवर लिहिलं. टेबलावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, दोन जुने संगणक. कुणी नाटकाच्या ग्रुपसाठी दिवे मंद करायची पेटी बनवायचा, कुणी बंद पडलेल्या प्रिंटरच्या मोटरवर पंखा फिरवायचा. चहा फुकट. अट एकच होती. जे बनवाल ते टेबलावरच्या वहीत उतरवायचं, आणि वहीचं पान इंटरनेटवर चढवायचं, म्हणजे ते कुणालाही बनवता येईल. कुणालाही! मी सुनीलला म्हणालो, "मग माझ्या दुकानाची किल्लीपण तिथेच टांगून ठेव." तो हसला. मी गंमत करत नव्हतो.

वही सांभाळायची ज्योत्स्ना. पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट, चाळिशीची, मोजकं बोलणारी. संगणकावर मराठी टाइप करणं तेव्हा नुसता वैताग होता, म्हणून ती पान हाताने सुवाच्य लिहायची, स्कॅन करायची आणि चढवायची. मोजकं बोलणारी माणसं मला तशीही खटकतात.

माझं यंत्र साधं होतं, पण माझं होतं. द्राक्षाचं पान किती तास ओलं राहिलं यावर डावणी रोग येणार की नाही ते ठरतं. बागायतदार पहाटे पानाला हात लावतो आणि अंदाज बांधतो. मी तांब्याच्या बारीक पट्ट्यांची एक चकती केली. तिच्यावर दव पडलं की करंट पुढे जातो आणि भिंतीवरचं सेलचं घड्याळ चालू होतं. दव सुकलं की घड्याळ बंद. संध्याकाळी काटे बारावर लावायचे. सकाळी साडेचार वाजलेले दिसले, तर पान साडेचार तास ओलं होतं. दिंडोरीच्या धनराजच्या बागेत मी ते अख्खा हंगाम टांगलं होतं, आणि त्या हंगामातली निम्मी मेहनत एका रेझिस्टन्सच्या आकड्यात गेली. चारशे सत्तर के, म्हणजे किलोओहम. त्याहून फार कमी लावला तर घड्याळ पावसाला चालतं, दवाला नाही. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आतलं सगळं मी डांबर ओतून बुजवलं होतं.

चारचौघांत मिरवायला म्हणून ते मी खोलीत नेलं आणि अटीपुरतं, तेवढा आकडा सोडून, बाकीचं वहीत उतरवू दिलं. तेव्हापासून ज्योत्स्ना त्या यंत्राभोवती जरा जास्तच घुटमळायला लागली. दव पडायला लागल्यावर किती वेळाने चालू होतं? वारा असला तर? एवढे प्रश्न तिने दुसऱ्या कुणाला कधी विचारले नव्हते. मग एका शनिवारी मी तिला खोलीबाहेर एका पांढऱ्या इंडिकापाशी उभी पाहिली. गाडीतला माणूस इस्त्रीचा शर्ट घातलेला, मांडीवर फाइल. ती त्याला वहीतलं माझं पान दाखवत होती आणि तो मान डोलवत होता. फवारणीच्या औषध कंपनीचा माणूस, दुसरं कोण असणार? मी पानटपरीच्या आडून सगळं बघितलं आणि तसाच घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तिने वही उघडली. "नाना, एवढा एक रेझिस्टन्स राहिलाय. कितीचा?"

"सत्तेचाळीस के," मी म्हणालो.

"म्हणजे पट्टे पिवळा, जांभळा, नारिंगी?"

"नारिंगी."

रेझिस्टन्सचा आकडा त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचतात; खरा तिसरा पट्टा पिवळा होता. तिने नारिंगी पेन्सिलने पट्टा रंगवला आणि त्याच पानावरून एक यंत्र जुळवून चकतीवर ग्लासभर पाणी ओतलं. घड्याळ चालू झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मनात म्हणालो, बनवू दे कंपनीला हजार यंत्रं. दवात एकही चालणार नाही, आणि मग झक मारत माझ्या दारात येतील. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

पुढचे रविवार मी गेलोच नाही. नोव्हेंबरात धनराज दुकानात आला. "नाना, तुमचं घड्याळ पिंपळगावलाबी लागलंय म्हणं. कागदावर छापून आलंय, लोकं झेरॉक्स काढून ऱ्हायलेत."

"कुणाच्या नावाने?"

"ते काय मी वाचलं नाय बा. पण लय लोकांकडं हाय."

झालं! चोर सापडला. पुढच्या रविवारी मी ताडताड खोलीत शिरलो. ज्योत्स्ना नव्हती. "ती कुठाय?" मी सुनीलवर ओरडलो. "माझं यंत्र विकून मोकळी झाली ना? उघड तो संगणक!"

सुनीलने संगणक चालू केला. इंटरनेट जोडायला पाच मिनिटं लागली, तेवढा वेळ मी उभाच होतो. मग पान हळूहळू वरून खाली उघडायला लागलं. सगळ्यात वर ज्योत्स्नाच्या अक्षरात, ठळक, चौकट करून लिहिलं होतं: 'मूळ रचना: वाल्मीक गांगुर्डे, इंदिरानगर, नाशिक. यंत्र बनवाल तर त्यावर त्यांचं नाव लिहावं, ही विनंती.'

माझंच नाव. मी खुर्चीवर बसलो. खाली आणखी एक पान होतं, तीन दिवसांपूर्वी चढवलेलं. अक्षर तिचंच, पण घाईतलं.

'ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनी ते ताबडतोब उतरवून ठेवावं. पिंपळगावला माझा भाऊ दीपक याच्या बागेत घड्याळ रोज सकाळी बारावरच होतं, म्हणून त्याने फवारणी थांबवली. डावणीने निम्म्या बागेचे घड गेले. दिंडोरीचं मूळ यंत्र उत्तम चालतं, त्यामुळे वाल्मीकनानांचा यात काहीही दोष नाही. नानांनी सांगितलेला आकडा उतरवताना माझ्याकडून चूक झाली असणार. मी सर्वांची माफी मागते.'

"इंडिकावाला तिचा भाऊ होता?" मी विचारलं.

"हो. पहिलं यंत्र त्याच्याकडेच नेलं तिने." सुनीलने वही माझ्याकडे सरकवली. "वही दुसऱ्या कुणाकडे द्या म्हणाली. आपल्याला धड आकडासुद्धा लिहिता येत नाही, म्हणाली. नाना, खरा आकडा सांगा. दुरुस्त करून टाकू."

आकडा सांगून मोकळा झालो असतो. वहीत माझं अक्षर कुठेच नव्हतं, साक्षीदार नव्हता, आणि जिला ठाऊक असायला हवं होतं तिने दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. एक मिनिटभर मला तो विचार आवडलासुद्धा, हे मी लपवत नाही. मग मला स्वतःची किळस आली. मी पेन घेतलं आणि कोऱ्या पानावर लिहिलं की आकडा चारशे सत्तर के, तिसरा पट्टा पिवळा. ज्योत्स्नाबाईंनी बरोबर उतरवलं होतं, चुकीचा आकडा मी मुद्दाम सांगितला होता. खाली सही केली.

सुनीलने ते दोनदा वाचलं. "हे मी चढवतो," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. "पण आधी तिला सांगून या. भावाच्या बागेत आहे."

निमाणी स्टँडवरून पिंपळगावची एसटी पकडली. वहीतून फाडलेला तो कागद खिशात होता. बागेत पोचलो तेव्हा ज्योत्स्ना आणि दीपक काळे पडलेले घड कापून क्रेटमध्ये टाकत होते. मला बघून ती लगबगीने पुढे आली. "नाना, तुम्ही कशाला त्रास घेतलात? चूक माझी..."

"चूक तुझी नाही," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. इंडिका, कंपनीचा माणूस, नारिंगी पट्टा. सांगताना ते माझं मलाच वेडगळ वाटलं.

दीपकच्या हातातली कात्री तशीच राहिली. "घरातले फवार फवार म्हणत व्हते, नाना. मी म्हणलं, घड्याळ बारावर हाय, पान कोरडं हाय. तुमच्या नावावर थांबलो ना मी."

 मी खिशातून कागद काढून ज्योत्स्नापुढे धरला. "हा खरा आकडा. चारशे सत्तर. पिवळा पट्टा. हंगाम अजून संपला नाही, बाकीच्या लोकांना लगेच कळायला हवं."

तिने कागद वाचला, पण हातात घेतला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. राग असता तर मला सोसला असता.

"नाना," ती सावकाश म्हणाली, "हा तरी खरा कशावरून?"

"खरा आहे," मी म्हणालो. "शपथ घेऊन सांगतो."

तिने भावाकडे पाहिलं. त्याने नकाराची मान हलवली. "आधी मी करून बघते," ती म्हणाली. "आठ दिवस दवात ठेवते. मग लोकांना सांगू." आणि ती पुन्हा वेलीकडे वळली.

आठ दिवस. तेवढ्यात झेरॉक्सवरून यंत्र लावलेल्या पन्नासेक बागांमध्ये दव पडणार होतं. आकडा खरा होता, पण तो खरा आहे असं सांगायला आता माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी लागणार होतं.